जागा भरली म्हणजे मशीन बिघडलं नाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आपण जागेविषयी बोलणार आहोत. घराची जागा, शेताची जागा यावर आपण बैठकीत नेहमी बोलतो. आजची जागा आहे कॉम्प्युटरच्या आणि मुलांच्या गेमच्या मशीनच्या पोटातली. तुम्ही म्हणाल, हा विषय पोरांचा. पण मशीन घ्यायला पैसे जातात ते आपल्या बचतीतून. अंतर्गत कर्ज घेऊन मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेऊन दिलेल्या कितीतरी ताई आमच्या प्रभागात आहेत. ग्रामसंघाच्या कार्यालयात कॉम्प्युटर आहे. आमच्या एका गटातल्या ताईंनी तर तालुक्याच्या गावी दोन जुनी प्लेस्टेशन ४ मशीन घेऊन गेम पार्लर सुरू केलं आहे. तासावर पैसे घेतात आणि गटाचा हप्ता वेळेवर भरतात.

या सगळ्या मशीनवर एक दिवस एकच निरोप येतो, की आता जागा शिल्लक नाही. मशीन हळू चालतं, अडकतं, नवीन काही घेत नाही. मग कुणीतरी सांगतं, "जुनं झालं, नवं घ्या." आम्ही समन्वयक म्हणून गावोगावच्या बैठकांना जातो, तिथे हे वाक्य फार वेळा कानावर पडतं. गेम पार्लरवाल्या ताईसुद्धा नव्या मशीनसाठी कर्जाचा अर्ज घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मशीनला काहीही झालेलं नव्हतं, फक्त पोट भरलं होतं. म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

आधी एक घोळ मिटवू. 'मेमरी' हा शब्द दोन वेगळ्या वस्तूंसाठी वापरतात. एक रॅम, दुसरी डिस्क. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता जे चाललंय तेवढंच त्यावर असतं, वीज गेली की ओटा रिकामा. डिस्क म्हणजे धान्याची कोठी. वीज गेली तरी आतलं तसंच राहतं. 'जागा शिल्लक नाही' असं मशीन म्हणतं तेव्हा कोठी भरलेली असते. अशा वेळी कुणी रॅम वाढवून दिली, तर ओटा मोठा होईल, पण कोठीत एक मूठ धान्यही जास्त मावणार नाही. दुकानात गेल्यावर हा फरक बोलून दाखवा, म्हणजे समोरचाही नीट बोलतो.

आता मोजमाप. केबी हे लहान माप, हजाराच्या आसपास केबीचा एक एमबी, तशाच हजाराचा एक जीबी आणि हजार जीबीचा एक टीबी. डिस्कवर ५०० जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोजच्या कॉम्प्युटरवर ४६५ दिसतात. १ टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतात. यात कुणी फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे १००० च्या पटीनं मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीनं. त्यातून मशीनची स्वतःची यंत्रणाही जागा घेते. ५०० जीबीच्या प्लेस्टेशन ४ मध्ये गेमसाठी सुमारे ४०० जीबीच उरतात.

ही माणसाची हाव कशी वाढत गेली ते ऐका. १९५६ साली आयबीएम कंपनीनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरं मावत. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटोच तेवढी जागा घेतो. जागा मोठी झाली, तसा आपला पसाराही मोठा झाला.

या पसाऱ्याकडे जरा नीट बघा. ग्रामसंघाच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय असतं? सगळ्या गटांचा जमाखर्च, कर्जखाती, ठराव, बैठकांचे अहवाल. हे सगळं वर्षभराचं एकत्र केलं, तरी ते थोडक्या एमबीत बसतं. याउलट मोबाइलवर काढलेला एका मिनिटाचा व्हिडिओ शंभर एमबीच्या आसपास किंवा त्याहून जास्त जागा खातो. महिला दिनाच्या कार्यक्रमाचं अर्ध्या तासाचं चित्रण म्हणजे तीन जीबी गेले. तोच कार्यक्रम तीन जणींनी काढून तिघींनी कॉम्प्युटरवर टाकला की झाले नऊ.

गेमच्या मशीनचंही तसंच. आजचा मोठा गेम ४०-५० जीबीचा असतो, काही १०० च्याही पुढे जातात. म्हणजे ४०० जीबीत आठ मोठे गेम झाले की कोठी भरली. पण मुलानं सहा महिने खेळून जी मजल मारलेली असते, ज्याला पोरं 'सेव्ह' म्हणतात, ती फाइल बहुतेक वेळा काही एमबीची असते.

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. जे मोलाचं आहे ते थोड्या जागेत बसतं. जे जागा खातं, त्यातलं बरंचसं पुन्हा मिळवता येतं. म्हणून काहीही पुसण्याआधी एकच प्रश्न विचारायचा, की हे गेलं तर परत मिळेल का? गेम परत उतरवता येतो, सिनेमा परत मिळतो, सरकारी योजनेचा कोरा फॉर्म परत मिळतो. कर्जखातं, कामाचे फोटो, सह्या झालेल्या ठरावाची स्कॅन प्रत आणि मुलाची 'सेव्ह' परत मिळत नाही.

हा प्रश्न न विचारता साफसफाई झाली की काय होतं, तेही सांगतो. आमच्या भागातल्या एका ग्रामसंघाचा कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून दुकानात दिला. दोन दिवसांनी तो झकास होऊन आला, कारण दुकानदारानं आतलं सगळंच पुसून टाकलं होतं. तीन वर्षांची कर्जखाती त्यात गेली. ग्रामसंघाच्या वह्या जपून ठेवलेल्या होत्या म्हणून निभावलं. चार जणींनी बसून सगळ्या नोंदी पुन्हा भरल्या, आणि तेवढे दिवस त्यांची मजुरी बुडाली. दप्तर अद्ययावत ठेवणं हे आपल्या पंचसूत्रीतलं एक सूत्र आहे. कॉम्प्युटर आला तरी ते सूत्र तेच राहतं.

आता कामाला लागू. प्रथम कॉम्प्युटर.

विंडोजच्या कॉम्प्युटरमध्ये 'धिस पीसी' उघडलं की सी ड्राइव्हची पट्टी दिसते. पट्टी लाल झाली असेल तर दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली आहे. त्यानंतर 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टीम' आणि त्यात 'स्टोरेज' उघडा. कशानं किती जागा खाल्ली याची यादी तिथे मिळते. आधी यादी वाचायची, मग हात लावायचा.

साफसफाई या क्रमानं करा. एक, मोलाच्या सगळ्या फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि तिथून दोन-चार उघडून बघा. उघडल्या तरच प्रत झाली असं समजा. दोन, त्याच स्टोरेजच्या पानावर 'टेम्पररी फाइल्स' असतात. त्या यंत्रणेनं तात्पुरत्या ठेवलेल्या फाइल असतात, त्या काढता येतात. मात्र त्या यादीत कधी कधी 'डाउनलोड्स'चं नावही असतं. त्यावर टिक असेल तर काढून टाका, कारण ऑनलाइन भरलेल्या पैशांच्या पावत्या बऱ्याचदा तिथेच पडून असतात. तीन, 'डाउनलोड्स' हातानं निवडा. एकच फॉर्म चार-चार वेळा उतरवलेला सापडेल. चार, न वापरलेले प्रोग्राम आणि गेम 'ॲप्स'च्या यादीतून 'अनइन्स्टॉल' करा. त्यांचं नुसतं चित्र पुसून जागा मोकळी होत नाही. पाच, शेवटी 'रिसायकल बिन' रिकामी करा. पुसलेली फाइल आधी तिथे जाऊन बसते. केर काढून सुपलीतच ठेवला तर घर कसं रिकामं होईल?

आणि डिस्क काठोकाठ भरू नका. दहा ते पंधरा टक्के जागा मोकळी राहू द्या. यंत्रणेला स्वतःच्या कामाला आणि अपडेटला ती लागते.

आता गेमचं मशीन. प्लेस्टेशनवरही 'सेटिंग्ज'मध्ये 'स्टोरेज' असतं. कोणता गेम किती जागा घेतो ते तिथे दिसतं. तिथेच खेळताना टिपलेले फोटो आणि व्हिडिओ असतात, ते आधी बघा. कित्येकदा त्यांनीच बरेच जीबी अडवलेले असतात. मग महिनोन् महिने कुणी न खेळलेले गेम काढा. प्लेस्टेशनवर गेम पुसला तरी मुलाची 'सेव्ह' वेगळी राहते, ती आपोआप पुसली जात नाही. 'सेव्ह्ड डेटा' असं लिहिलेल्या भागाला हात लावू नका, एवढं मुलांनाही सांगून ठेवा. प्लेस्टेशन ४ वरची 'सेव्ह' साध्या पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवता येते. प्लेस्टेशन ५ च्या गेमच्या 'सेव्ह'ला मात्र ती सोय नाही. तिथे पैसे भरून घेतलेली ऑनलाइन साठवण वापरावी लागते, नाहीतर सगळ्या मशीनचा बॅकअप यूएसबी ड्राइव्हवर घ्यावा लागतो.

"आमच्याकडे गेमची तबकडी आहे, मग जागा कशाला लागते?" असंही विचारतात. या मशीनमध्ये तबकडी घातली तरी गेम आधी डिस्कवर उतरतो आणि मग चालतो. तबकडी ही एका अर्थी तुमच्या खरेदीची पावती आहे. तबकडी जवळ असेल, तर पुसलेल्या गेमचा मोठा भाग तरी इंटरनेटशिवाय परत बसवता येतो.

इथे आपल्या गावाकडची एक अडचण आहे. शहरातली पोरं म्हणतात, गेम पुसा आणि हवा तेव्हा परत उतरवा. विकत घेतलेला गेम पुन्हा उतरवायला पैसे पडत नाहीत हे खरं. पण मोबाइलच्या पॅकवर रोजचे २ जीबी मिळत असतील, तर ५० जीबीचा गेम उतरवायला २५ दिवस लागतील, आणि तेवढे दिवस घरात दुसरं कुणी नेट वापरायचं नाही. जिथे वायरचं इंटरनेट नाही, तिथे गेम पुसण्यापेक्षा तो बाहेरच्या ड्राइव्हवर हलवून ठेवणंच परवडतं.

गेम पार्लरवाल्या ताईंना हेच उपयोगी पडलं. प्लेस्टेशन ४ ला २५० जीबीपासून ८ टीबीपर्यंतचा बाहेरचा यूएसबी ड्राइव्ह चालतो. तो यूएसबी ३.० किंवा त्यापुढचा असावा लागतो. गेम थेट त्याच्यावरूनच खेळता येतात. ताईंनी दोन मशीनला दोन ड्राइव्ह घेतले आणि नव्या मशीनचा अर्ज मागे घेतला. दोन ड्राइव्हचे मिळून जे पैसे झाले, ते एका मशीनच्या किमतीपेक्षा खूपच कमी होते.

यात एक धोका आहे, तो लक्षात ठेवा. ड्राइव्ह गेमसाठी जोडताना मशीन तो आधी पूर्ण पुसून स्वतःच्या पद्धतीनं तयार करतं. त्यात गटाचे हिशेब किंवा लग्नाचे फोटो असतील तर तेही जातील. दप्तराचा ड्राइव्ह आणि गेमचा ड्राइव्ह वेगळे ठेवा. दप्तराच्या ड्राइव्हवर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवा. आणि मशीन चालू असताना ड्राइव्ह उपटू नका. आधी मशीन पूर्ण बंद करा.

प्रत्येक मशीनचा नियम वेगळा आहे. सुरुवातीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये स्वतःची ८२५ जीबी जागा होती आणि त्यातली साधारण ६६७ जीबी वापरायला मिळायची. प्लेस्टेशन ५ चे गेम बाहेरच्या यूएसबी ड्राइव्हवर ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे जुने गेम मात्र तिथून चालतात. नवे गेम खेळण्यासाठी जागा वाढवायची, तर आतल्या खाचेत एम-डॉट-टू प्रकारची वेगवान एसएसडी बसवावी लागते, आणि तिला उष्णता बाहेर टाकणारी पट्टी, म्हणजे हीटसिंक, लागतेच. एक्सबॉक्स सिरीज एस आणि एक्स या मशीनना नवे गेम चालवायला खास त्यांच्यासाठीच बनवलेलं कार्ड लागतं. निन्टेन्डो स्विचला मोबाइलसारखं मायक्रोएसडी कार्ड चालतं, पण २०२५ साली आलेल्या स्विच २ ला मायक्रोएसडी एक्स्प्रेस हेच कार्ड लागतं, जुनं कार्ड घातलं तर त्यावर गेम ठेवता येत नाहीत. म्हणून दुकानात जाताना मशीनच्या मागच्या किंवा खालच्या बाजूला लिहिलेल्या मॉडेल नंबरचा फोटो काढून न्या.

आता कॉम्प्युटरच्या आतली डिस्क बदलण्याविषयी. जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात तबकडी फिरते, म्हणून ती धक्क्याला नाजूक असते. नवीन प्रकार एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नाही, आवाज नाही, आणि ती कितीतरी वेगवान असते. पाच-सात वर्षांचा लॅपटॉप सुरू व्हायला चार-चार मिनिटं घेत असेल, तर नवा घेण्याआधी त्यात एसएसडी बसवून बघावी. पुष्कळदा मुलीच्या पदवीपर्यंत तोच लॅपटॉप पुरतो.

पण सगळ्या एसएसडी सारख्या नसतात. एक अडीच इंचाची चपटी डबी, ती जुन्या हार्ड डिस्कच्या जागी साटा नावाच्या जोडणीवर बसते. दुसरी चुइंगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू. या पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, आणि एकाच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डावरच झाळलेली असते, ती बदलताच येत नाही. तिथे बाहेरचा ड्राइव्ह हाच मार्ग. 'माझ्या मशीनला कोणता प्रकार चालतो?' हे आधी विचारा आणि मग भाव विचारा.

भावाचं आम्ही मुद्दामच सांगत नाही, कारण ते सारखे हलतात. गटाच्या खरेदीला आपण तीन कोटेशन घेतो, तशीच इथेही घ्या. पक्कं बिल घ्या, वॉरंटी किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्या. आणि आठवडी बाजारात किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीत अगदी कवडीमोलानं दोन-चार टीबीचा पेन ड्राइव्ह मिळत असेल तर घेऊ नका. अशा ड्राइव्हमध्ये खरी जागा ३२ किंवा ६४ जीबी असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा दाखवायची युक्ती केलेली असते. तो फाइल घेत राहतो, कुरकुर करत नाही, पण खरी जागा संपल्यानंतरच्या फाइल उघडतच नाहीत. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा एक मोफत प्रोग्राम ड्राइव्ह पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतो. नवीन ड्राइव्ह रिकामा असतानाच ही परीक्षा घ्या.

मशीन दुकानात देताना तीन गोष्टी सांभाळा. देण्याआधी आपली प्रत आपण काढून घ्या. 'आतलं काही पुसायचं नाही' असं पावतीवर लिहून घ्या. आणि डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागून घ्या. ती आपली आहे. तिच्यात सगळ्या सभासदांच्या आधार कार्डांच्या, पासबुकांच्या प्रती असतात. साधी पुसलेली फाइल खास प्रोग्राम वापरून परत काढता येते, त्यामुळे ती डिस्क भंगारात जाता कामा नये. उलट ती चांगली असेल तर यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून बाहेरचा ड्राइव्ह म्हणून वापरता येते. हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर मात्र तिचा भरवसा धरू नका. त्याच दिवशी मोलाच्या फाइल उतरवून घ्या.

शेवटचं, प्रतींविषयी. मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्यासाठी याचा अर्थ असा: एक प्रत कार्यालयाच्या कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या ड्राइव्हवर, तिसरी इंटरनेटवरच्या साठवणीत. आपलं दप्तर थोडक्या जागेचं असल्यामुळे ईमेल खात्यासोबत मोफत मिळणाऱ्या जागेतही ते सहज बसतं. त्या खात्याचा पासवर्ड मात्र एकटीकडे ठेवू नका. बाहेरचा ड्राइव्ह कार्यालयात न ठेवता सचिवांच्या घरी ठेवा. कार्यालयात पाणी शिरलं, चोरी झाली, तरी दप्तर वाचेल. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडीपेक्षा साधी हार्ड डिस्क बरी, कारण वीज न मिळता फार काळ पडून राहिलेल्या एसएसडीतला मजकूर उडू शकतो.

मैत्रिणींनो, पुढच्या मासिक बैठकीत हा एक विषय घ्या. दप्तराची प्रत दर महिन्याच्या कोणत्या तारखेला काढायची, कुणी काढायची आणि ड्राइव्ह कुणाकडे राहणार, याचा ठराव लिहा. जिला कॉम्प्युटर येतो तिच्यासोबत न येणारी एक जण बसवा, म्हणजे पुढच्या वर्षी दोघींना येईल. घरी मुलांना गेमच्या मशीनचं 'स्टोरेज' उघडून दाखवायला सांगा. काय ठेवायचं, काय काढायचं, हे त्यांच्याशी बसून ठरवा. मुलांनाही बरं वाटतं, आई आपल्या गेमविषयी विचारते म्हणून.

आणि मशीन बदलण्यासाठी कुणी कर्जाचा अर्ज आणला, तर तो मंजूर करण्याआधी गटानं एक प्रश्न जरूर विचारावा: ताई, मशीन बिघडलंय की नुसती जागा भरलीय?